रुखवतावरची गिटार

माझ्या लग्नात माझी गिटार रुखवतावर मांडली गेली. ज्या बाईनं मांडली तिच्यावर मला धड रागावताही येत नाही, कारण सुलोचनामामीनं ते प्रेमापोटी केलं. कुणी वाईटपणानं काही केलं तर निदान तोंडभरून बोलता येतं. प्रेमानं केलं की गिळून गप्प बसावं लागतं.

आधी गिटारबद्दल सांगते, नाहीतर तुम्हीही माझ्या सासरच्या, केळझरच्या बायकांसारखंच समजाल. ती खेळणं नव्हती. प्रवासात सोबत नेता यावी म्हणून लहान घडवलेली, पण अगदी खरी गिटार होती. पोट लहान, दांडी जवळपास नेहमीच्या मापाची, सहा तारा आणि पाठीला अडकवायची काळी पिशवी. मी सावंगीला दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते, लोकांचं रक्त काढते आणि तपासते. लग्नाआधी आम्ही चौघी जणी तिथं एका भाड्याच्या खोलीत राहायचो. पलंग टाकल्यावर खोलीत पाय ठेवायला जागा उरत नसे, तिथं मोठी गिटार ठेवणार कुठं? शिवाय सुट्टीला मी एसटीनं वडनेरला घरी जायचे. ही गिटार मांडीवर मावायची. कंडक्टर विचारायचा, "याच्यात काय हाय व ताई?" मी गिटार म्हटलं की तो पिशवीकडे बघून म्हणायचा, "पिल्लू हाय का?"

वाजवायला मला खोलीतल्या ब्लेसीनं शिकवलं. ती केरळची, वॉर्डात नर्स. आधी तिच्या चर्चमधली गाणी शिकले, मग सिनेमातली, मग माझ्याच मनाच्या काही चाली जुळायला लागल्या. लहान गिटारचा आवाजही लहानच असतो. मंगल कार्यालयात ती कुणाला ऐकू येणार नाही. पण खोलीत, खिडकीजवळ, समोर एकच माणूस बसलेला असेल तर ती बरोबर त्या माणसापुरती वाजते. मला तेवढंच हवं होतं. दिवसभर माझ्या हातात सुई असते आणि मला बघून लोक हात मागं घेतात. संध्याकाळी कुणीतरी माझ्यासमोर आपणहून बसावं, एवढी साधी हौस होती माझी.

भूपेंद्रचं स्थळ बाबांच्या ओळखीतून आलं. बाबा, म्हणजे लक्ष्मणराव, वडनेरला शेती करतात. भूपेंद्रच्या वडिलांचं, प्रभाकररावांचं, केळझरला रंगांचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. बघण्याचा कार्यक्रम झाल्यावर भूपेंद्र एकटाच मला भेटायला सावंगीला आला. दवाखान्यामागं एक बाक आहे, तिथं बसलो. तेव्हा मी त्याला 'तू' म्हणायचे.

"तू गिटार वाजवते म्हणे?" त्यानं विचारलं.

मी काढली आणि वाजवली. तो डोळे मिटून बसला होता. मी तिथंच फसले. माणसानं डोळे मिटले की तो ऐकतोच आहे, असं आपण धरून चालतो. वाजवून झाल्यावर तो म्हणाला, "लग्न झालं का रोज मले ऐकवजो. दुकानातून आलो का पह्यले गिटार, मंग चहा."

याआधी आलेल्या स्थळांनी गिटारचं नाव निघताच विषय बदलला होता. एका बाईंनी तर माझ्या आईला विचारलं होतं, "वाजवते ते ठीक हाय, पण पोळ्या गोल येतात का?" त्यामुळे भूपेंद्रचं शिक्षण, दुकान, घर, हे सगळं बाबांनी पाहिलं. मी फक्त हे एक वाक्य पाहिलं आणि होकार दिला.

लग्न मे महिन्यात हिंगणघाटच्या एका कार्यालयात झालं. आमच्या नात्यात कुणाचंही लग्न असो, रुखवत सुलोचनामामीच्याच हातचं असतं. मुलीकडचे लोक मांडतात, मुलाकडच्या बायका येऊन बघतात आणि मनातल्या मनात मार्क देतात. मामीनं शेवया, कुरडया, पापड मांडले. मोत्यांचा मोर, लोकरीचं तोरण, सुपारीचे नवरा-नवरी आणि थर्माकोलचं तुळशीवृंदावन मांडलं. आहेराचा कुकरही तिथंच ठेवला. तरी टेबलाचा एक कोपरा रिकामा दिसत होता. मामीला रिकामा कोपरा सहन होत नाही.

माझी गिटार माझ्या बॅगांजवळ होती. ती माझ्यासोबत सासरी जाणार होती, माझी म्हणून. रुखवत म्हणून नव्हे. मामीनं ती पिशवीतून काढली, कडेकडेनं सोनेरी गोट्याची पट्टी चिकटवली, पोटावर फेविकॉलनं मोत्यांची वेल काढली आणि ती त्या कोपऱ्यात उभी केली. पुढं पाटी ठेवली: 'चि. सौ. कां. आचलची हस्तकला'. मामीनं सगळ्या पाट्या आधीच लिहून आणलेल्या होत्या आणि सगळ्यांवर तेच लिहिलं होतं. तोरणापुढंही तीच पाटी, मोरापुढंही तीच. 'आचल वाजवते' अशी पाटी तिच्याजवळ नव्हती.

मग मुलाकडच्या बायका आल्या.

"बापा बापा! पुठ्ठ्याची हाय का व?"

"काय हुबेहूब बनवली पोट्टीनं! तारा बी लावल्या पाह्य!"

एकीनं बोटाच्या पेरानं टकटक वाजवून पाहिलं आणि म्हणाली, "लाकडाची वाट्टे. कारागीर हाय पोट्टी." माझ्या होणाऱ्या सासूबाई, अनुसयाबाई, मान ताठ करून मागं उभ्या होत्या. आपली सून कारागीर निघाली याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. मी हे सगळं स्टेजवरून पाहत होते. अंगावर शालू, कपाळाला मुंडावळ्या, जागचं हलता येत नव्हतं. आई माझा पदर नीट करायला आली तेव्हा मी तिच्या कानात म्हटलं, "आई, माझी गिटार तिकडं काऊन ठेवली? उचल लवकर."

आईनं टेबलाकडे पाहिलं आणि तिचाही चेहरा पडला. माझी आई, जयवंता, साधी बाई आहे, पण रीतीभातीत पक्की. ती म्हणाली, "आता कशी उचलू व? सगळ्यायनं पाह्यलं. मांडलेलं रुखवत परत घेत नसते, आचल. पोरगी परत घेतल्यावाणी होते."

"अगं, पण माझी आहे ती."

"मंग जाऊन जाऊन जाईन कुठी? तुयाच घरी तं येते."

आईचं हे म्हणणं मला पटलं. वस्तू टेम्पोत जाणार, मी कारमध्ये जाणार, दोघी एकाच घरी उतरणार. मी पुन्हा हसऱ्या तोंडानं फोटो काढून घ्यायला लागले.

दुसऱ्या दिवशी सासरी मी आतल्या खोलीत बायकांच्या घोळक्यात उखाणे घेत होते. भूपेंद्रचं नाव घे म्हटलं की घेत होते, ऐकू नाही आलं म्हटलं की पुन्हा घेत होते. तेवढ्या वेळात बाहेर ओसरीवर रुखवत वाटलं गेलं. तीही रीतच आहे. सुनेकडून आलेलं रुखवत घरच्या लेकीबाळींत वाटतात, खायचं सगळ्यांना थोडं थोडं आणि शोभेचं ज्याला आवडेल त्याला. मोर मावससासूबाईंकडे गेला, तोरण चुलतसासूबाईंकडे. माझी गिटार माझ्या मोठ्या नणंदेच्या, रक्षाताईच्या गाडीत बसून पुलगावला गेली. मी बाहेर आले तेव्हा टेबलावर ती पाटी तेवढी आडवी पडली होती.

संध्याकाळी मी भूपेंद्रला विचारलं. आता मी त्याला 'अहो' म्हणत होते, घरात तसंच चालतं.

"मले काय माहीत व? मी मंडपवाल्यासंग होतो," तो म्हणाला. "ताईले आवडली असन. थांब, मी बोलतो तिच्याशी. तू नको बोलू. नवीन सून रुखवताची वस्तू परत मागते, कसं दिसन ते?"

बरोबरच होतं. कसं दिसेल याची भीती आमच्याकडे मुलीला दुधाबरोबर पाजतात. मी म्हटलं, ठीक आहे, तुम्ही बोला.

तो बोलत राहिला, म्हणजे बोललो असं मला सांगत राहिला. कधी म्हणाला, ताईनं शोकेसमध्ये ठेवली आहे, लय शोभते म्हणते. कधी म्हणाला, तिची बारकी पोरगी सोडत नाही, काढून घेतली तर रडते. एकदा म्हणाला, ताई हो म्हणते पण मनातून देत नाही, मी तिला लहानपणापासून ओळखतो. हे सगळं तो इतक्या हळुवारपणे सांगायचा, माझ्या डोक्यावरून हात फिरवत, की मला त्याचीच दया यायची. बिचारा बहीण आणि बायको यांच्यामध्ये अडकला, असं मला वाटायचं. आणि रक्षाताईचा मला असा राग यायला लागला की तिचा फोन आला की मी दोन शब्दांत उरकायचे आणि "आई, ताईंचा फोन" म्हणून सासूबाईंच्या हातात द्यायचे.

इकडे केळझरला माझी वेगळीच कीर्ती पसरली होती. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्या सुनेनं हातानं गिटार बनवली. रक्षाकडे हाय." मी दोन-तीनदा म्हणून पाहिलं, की आई, ती खरी आहे, वाजते. त्या म्हणायच्या, "वाजन नं. इतकी मेहनत घेतली तं वाजनच." भाद्रपदात शेजारच्या यशोदाबाई आल्या आणि गणपतीच्या सजावटीला पुठ्ठ्याची पेटी आणि तबला करून दे म्हणाल्या. मला येत नाही म्हटलं तर त्यांना राग आला. "नोकरीवाल्या पोट्ट्यायचा भावच लय," असं त्या जिन्यावरून उतरताना मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाल्या.

गिटार वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताच्या बोटांना टोकाशी घट्टे पडतात. तारा दाबून दाबून कातडी जाड होते. सुरुवातीला बोटं हुळहुळतात, रक्तही येतं, मग हळूहळू ते घट्टे तयार होतात. ती एक प्रकारची कमाईच असते. माझे घट्टे श्रावण येईपर्यंत सोलून गेले. एक दिवस सासूबाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "हात कसे मऊ झाले तुये, आमच्या घरी आल्यावर." त्यांना ते फार चांगलं वाटलं. मी मोरीत जाऊन रडले.

मी केळझरहून सावंगीला रोज बसनं जाते. बसमध्ये पर्सच्या पट्ट्यावर माझी बोटं आपोआप चालायची, हा स्वर, तो स्वर, यावरून त्यावर. एकदा शेजारच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, "जप करता का? कोणाचा?" मी हो म्हटलं. कोणाचा ते सांगितलं नाही.

मधे मी दुसरी गिटार घ्यायची ठरवली. पगार माझा, बोटं माझी. भूपेंद्रला सांगितलं तर तो खाटेवर उठून बसला. "नवीन आणली तं ताईले काय वाटन? तिच्यावर रागावून आणली असंच नं? थोडं थांब. राखीले जातो, तेव्हा घेऊनच येतो." राखीला मला ड्युटी होती, तो एकटाच पुलगावला गेला. रिकाम्या हातानं आला आणि चपला काढता काढताच म्हणाला, "गोष्ट काढली मी. तिचं तोंडच उतरलं. सणाच्या दिवशी कायले रडवू बहिणीले?" मी त्याला पाणी दिलं. असा नवरा मिळाला म्हणून मला बरंही वाटलं, हे विशेष.

नवरात्रात आमच्या दवाखान्याचं रक्ततपासणीचं शिबिर पुलगावला होतं. दुपारी काम लवकर संपलं आणि परतीच्या गाडीला वेळ होता. मी घरी कुणाला सांगितलं नाही. रक्षाताईचा पत्ता विचारत विचारत गेले. वाटेत मी वाक्यं तयार करत होते. ताई, ती शोभेची वस्तू नाही. ताई, मागू नये हे मला माहीत आहे, तरी मागते. ताई, तुमच्याकडे देवाच्या दयेनं सगळं आहे. शेवटचं वाक्य जरा टोचेल असं होतं आणि ते म्हणताना तिच्या डोळ्यांत बघायचं, असं मी ठरवलं होतं.

तिनं दार उघडलं आणि माझा हातच धरला. "आचल व! ये, ये. फोनवर तं तू दोन शब्द बी बोलत नाई. मले वाटे, इले माया राग हाय का काय."

"ताई, मी माझी गिटार न्यायला आले," मी उंबऱ्यातच म्हटलं. गोड बोलण्यात गुंतले तर धीर गळेल, ही भीती होती.

"ने नं माय! बरं झालं. कधीची म्हणून राह्यली मी भूपेनले, घेऊन जा, घेऊन जा."

ती स्टूल घेऊन आतल्या खोलीत गेली. मी बाहेरच्या खोलीत शोकेसकडे पाहत उभी राहिले. त्यात कपबश्या होत्या, एक काचेची बाहुली होती आणि तिच्या मिस्टरांना कुठल्याशा स्पर्धेत मिळालेला कप होता. ताई जुन्या चादरीत गुंडाळलेली गिटार घेऊन आली.

"शोकेसमध्ये ठेवली होती ना?" मी विचारलं.

"शोकेसमंधी कशी मावन व एवढी? अलमारीवर होती. पोट्टीनं एक तार तोडली, बोटाले लागलं तिच्या, म्हून वर ठेवून देली." तिनं चादर सोडली. गोटा अर्धा निघून लोंबत होता, मोत्यांची वेल तशीच होती, तारांवर गंज चढला होता. "पण मले एक सांग, तू कायले देऊन टाकली? एवढी चांगली वस्तू."

"मी?"

"तूच नं! रुखवत वाटत होतो त्या दिवशी भूपेननंच आणून गाडीत ठेवली. मी तं कुकर घेतलता, मले हे कायले पाह्यजे? तो म्हणे, आचलच म्हणते ताईले दे. राखीले आलता तेव्हा मी त्याच्या हातात देली, म्हटलं आता तरी ने. तो म्हणे, राहू दे, तिले आता नाद राह्यला नाई."

मी खुर्चीवर बसले. माझी सगळी तयार वाक्यं मी चुकीच्या माणसासाठी घडवली होती. मे महिन्यापासून ज्या बाईला मी मनात शिव्या दिल्या, ती माझ्यासाठी पाणी आणायला धावत होती. आणि ज्याला मी पाणी दिलं होतं, तो राखीच्या दिवशी माझी गिटार हातात धरून पुन्हा खाली ठेवून आला होता.

"आईंना आवाजाचा त्रास होतो, म्हणून असेल," मी म्हटलं. मला अजूनही कुठलं तरी कारण पाहिजे होतं, बरं दिसेल असं.

"आईले?" रक्षाताई हसली. "आईले तं अजून ते पुठ्ठ्याचीच वाट्टे." मग माझ्याकडे पाहून तिचं हसू थांबलं. ती चादरीची घडी घालायला लागली. "लग्नात सगळ्यायच्या तोंडी एकच होतं नं, सूनबाईची कला, सूनबाईची कला. त्याले कोणी विचारतच नोतं. तोंड पडलतं त्याचं, मी पाह्यलं. पण एवढ्यासाठी कोणी..."

म्हणजे मी वाजवते याचासुद्धा त्याला हेवा वाटला नव्हता. मी कधी न बनवलेल्या पुठ्ठ्याच्या गिटारचा त्याला हेवा वाटला होता. हसावं की रडावं, मला कळेना. मी निघताना ताईनं माझी ओटी भरली आणि म्हणाली, "झगडा नको करजो व. पण विचारजो त्याले." दोन्ही एकाच वेळी कसं करायचं, ते तिलाही माहीत नसावं.

वर्ध्याला बस बदलताना पेटी-तबल्याच्या दुकानातून नव्या तारांचा संच घेतला. केळझरच्या बसमध्ये गिटार मांडीवर घेऊन नखानं एकेक मोती काढत बसले. मोत्यासोबत पॉलिशही निघत होतं, खाली लाकडावर पांढरे ठिपके उरत होते. मला तिची माफी मागावीशी वाटली, आणि मामीला एकदा खरंच तोंडभरून बोलावंसं वाटलं. पण मामीनं निदान कोपरा भरायला ती उचलली होती. भूपेंद्रनं घर रिकामं करायला उचलली.

दारातच सासूबाई भेटल्या. "अव बाई, आपल्या रुखवताची नं हे? पार खराब केली व रक्षानं." त्यांनी ठिपक्यांवरून हात फिरवला. "जाऊ दे. तुले काय, हातात कला हाय. दुसरी बनवजो."

मी खोलीत जाऊन जुन्या तारा काढल्या, लाकूड पुसलं आणि नव्या तारा चढवायला बसले. शेवटची तार ओढत होते तेव्हा भूपेंद्र दुकानातून आला. दारात क्षणभर थबकला. क्षणभरच. मग त्याचा चेहरा खुलला.

"अरे! देली का ताईनं शेवटी? पाह्य, मी म्हणत होतो नं? मांगं लागलो का देतेच ते."

"ताई म्हणाल्या, राखीला त्यांनी तुमच्या हातात दिली होती."

त्यानं खिशातल्या किल्ल्या खुंटीला लावल्या. घड्याळ काढलं. मोबाईल चार्जिंगला लावला, पुन्हा काढला. "ताई काय बी बोलते. तिचं काय मनावर घेते तू."

"गाडीतही तुम्हीच ठेवली होती म्हणाल्या. मी दे म्हटलं असं सांगून."

"आता तू त्या जुन्या गोष्टी काढून कायले डोकं खराब करून राह्यली?" त्याचा आवाज अजिबात चढला नाही. त्याचा आवाज कधीच चढत नाही. "आली नं घरी? झालं तं मंग." तो मोबाईल घेऊन खाटेवर आडवा झाला आणि उशी नीट करत म्हणाला, "वाजव नं. किती महिने झाले. तरसलो मी."

मी भांडणार होते, खरंच. बसमध्ये पुन्हा नवी वाक्यं तयार केली होती, यावेळी योग्य माणसासाठी. पण तो तरसलो म्हणाला आणि माझ्या मूर्ख मनानं तेवढ्या शब्दाला धरलं. हेवा वाटला असेल, खोटं बोलला असेल, पण ऐकायचं तर आहे त्याला, असं वाटलं. हे सांगताना मला माझीच चीड येते. मी गिटार मांडीवर घेतली आणि खिडकीजवळ बसले, तो समोर, बरोबर एका माणसापुरतं अंतर.

नव्या तारा लगेच सूर धरत नाहीत. चढवल्या की सैल पडतात, पुन्हा चढवाव्या लागतात. मी वरची जाड तार छेडली. बेसूर, लोंबलेला आवाज आला. खुंटी पिळली, पुन्हा छेडली. थोडी वर आली. पुन्हा पिळली. मग दुसरी तार. बोटं इतकी मऊ झाली होती की तार दाबून पाहताना आग झाली. मी कान लाकडाजवळ नेला आणि तीच तार पुन्हा पुन्हा छेडत राहिले, घुंग, घुंग, घुंग.

"वा," भूपेंद्र म्हणाला.

मी वर पाहिलं. त्याचा अंगठा मोबाईलवर फिरत होता.

"हे गाणं मले पह्यलेपासूनच लय आवडते," तो म्हणाला.

मी अजून एकही गाणं सुरू केलं नव्हतं. तेव्हा कुठं सगळं माझ्या ध्यानात आलं. त्यानं माझ्यापासून गिटार तोडली म्हणून मी इतके महिने जळत होते, आणि त्यानं ती कधी ऐकलीच नव्हती. बहिणीकडे दिली तेव्हा त्याच्या हिशेबी मोर जावा, तोरण जावं, तशीच एक वस्तू गेली होती. माझा होकार, तो मी कुणाला दिला होता?

"काऊन थांबली?" तो म्हणाला. "तेच वाजव नं पुन्हा."

मी तीच सैल तार पुन्हा छेडली.

"वा," तो म्हणाला.